कासची फुलं शोधताना: हॅशटॅग की ठिकाण?

ऑगस्ट सरत आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "कासला फुलं आलीत का? इन्स्टावर कुठे बघू?" इन्स्टाग्रामवर बघायचे दोन सरळ रस्ते आहेत. एक तर हॅशटॅग टाका, नाहीतर 'प्लेसेस'मध्ये जाऊन ठिकाणाचं पान उघडा. मी दोन्ही वापरतो. पण एकच निवडायचं म्हटलं तर माझा कल ठिकाणाकडे आहे. शोधायचं काय, यावर थोडं अवलंबून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हॅशटॅगचं जे चांगलं ते. त्याचा पसारा मोठा. फोटो टाकताना ठिकाण न लावणारे पुष्कळ असतात, हॅशटॅग मात्र बहुतेक जण लावतात. फोटोही देखणे मिळतात. पठारावर एकूण काय काय फुलतं ते एकदा डोळ्यांखालून घालायचं असेल, म्हणजे तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, ज्याला सगळे मिकी माऊस म्हणतात तो कवला, तर हॅशटॅगवर अर्धा तास मजेत जातो. ज्यांनी कास पाहिलेलंच नाही त्यांना जायची इच्छा व्हावी म्हणून दाखवायला तर हेच पान बरं.

स्पेलिंगचा घोळ आहेच. रोमन लिपीत 'कास' कुणी एका 'ए'ने लिहितं, कुणी दोन. पुढे कुणी 'पठार' जोडतं, कुणी 'प्लॅटो', आणि देवनागरीतला हॅशटॅग आणखी वेगळा. प्रत्येकाचं पान स्वतंत्र. पण हे चालवून घेता येतं, चार पानं उघडायला कितीसा वेळ लागतो?

मला खरा वैताग आला तो हॅशटॅगच्या गठ्ठ्यांचा. लोक एकदा यादी तयार करून ठेवतात आणि प्रत्येक पोस्टखाली तीच चिकटवतात. कासचा हॅशटॅग उघडला तर वरच्या ओळीतच आइसलँडमधल्या निळ्या ल्युपिनच्या फुलांचं रील. खाली यादी बघावी तर सातारा, सह्याद्री, गडकिल्ले, पुणेकर, प्री-वेडिंग, सगळं एका दमात. त्याच्या शेजारी कुठल्याशा साडीची जाहिरात. बरं, हे ओळखून बाजूला सारता येतं. टोपली कारवीचं तसं नाही. ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलली की पठाराचे पट्टेच्या पट्टे जांभळे होतात. त्या वर्षीच्या फोटोंना लाइक्सचा पाऊस पडलेला असतो, त्यामुळे पुढची कित्येक वर्षं तेच फोटो वर तरंगत राहतात. फोटो खराच, जागाही खरी, फक्त साल वेगळं. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब तो जांभळा गालिचा बघून निघालं आणि वर धुकं, चिखल आणि तुरळक गेंद बघून परत आलं.

यात जगावेगळं काही नाही. शोध कसा चालतो ते इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं: तुम्ही टाइप केलेला शब्द जुळतो का, तुम्ही आधी काय बघत आलात, आणि पोस्टला किती प्रतिसाद मिळाला. 'या आठवड्यात काय' हा प्रश्न त्यात कुठे ठळक नाही, आणि कासला जाणाऱ्याचा तर तोच एक प्रश्न असतो. पूर्वी हॅशटॅग फॉलो करून ठेवता यायचा, २०१७ च्या डिसेंबरात ती सोय आली होती. २०२४ च्या अखेरीस तीही गेली, तेव्हा हॅशटॅगच्या बाजूचं एक वजन आणखी कमी झालं.

ठिकाणाच्या पानावर फोटो कमी आणि पुष्कळसे साधे. कुणाचा अंगठा आलेला, कुणाची छत्री, मागे गाड्यांची रांग. पण अशा फोटोंवर माझा जास्त विश्वास बसतो. नुसत्या लाइक्ससाठी खटपट करणारा माणूस ठिकाण टाकायला विसरेल किंवा सरळ 'मुंबई' टाकेल. कास टाकणारा सहसा तिथे जाऊन आलेला असतो. 'रिसेंट' दिसत असेल तर आधी तेच उघडा. आणि पोस्टची तारीख बघाच, कारण जुन्या आठवणी काढणारे इथेही असतात.

तोटे आहेत. एकाच जागेची तीन-चार पानं सापडतात: पठाराचं वेगळं, तलावाचं वेगळं, आणि बरेच जण नुसतं 'सातारा' लावून मोकळे होतात. कुमुदिनी तळ्याचे फोटो तर मला बहुतेक वेळा दुसऱ्याच पानावर सापडतात.

पण खरी माहिती मिळते ती फोटोखालच्या कमेंटमध्ये. कुणीतरी विचारलेलं असतं, "आत्ता जाण्यात अर्थ आहे का?" आणि फोटो टाकणारा स्थानिक उत्तर देतो, "अजून आठ-दहा दिवस थांबा, पाऊस उघडू दे." लाखभर लाइक्सच्या रीलखाली असं उत्तर मला तरी फारसं दिसलेलं नाही.

ठिकाणाच्या पानावर दोन-तीन अकाउंट पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. जवळपास राहणारी, आठवड्याला वर चक्कर मारणारी माणसं. त्यांना फॉलो करून ठेवलं की पुढच्या वर्षी शोधायची गरजच फारशी उरत नाही. नुसत्या नावावरून शोधत असाल तर एक लक्षात ठेवा: युजरनेम रोमन अक्षरांतच असतं, पण प्रोफाइलवरचं नाव देवनागरीत असू शकतं, तेव्हा दोन्ही लिपींत टाकून बघा. आणि एखाद्या होमस्टेचं पान सापडलं तर त्यांनी स्वतः टाकलेले फोटो सोडा, ते बारा महिने सुंदरच असतात. त्यांना टॅग केलेले पाहुण्यांचे फोटो बघा.

एका बाबतीत मात्र हॅशटॅगचा हात धरणारा नाही. एखादी विशिष्ट वनस्पती हवी असेल तर तिचं शास्त्रीय नाव टाका. वायतुऱ्यासाठी 'अपोनोजेटॉन सातारेन्सिस' (Aponogeton satarensis) रोमनमध्ये टाइप करून बघा. स्पेलिंग ठरलेलं, आणि लाइक्ससाठी असलं नाव चिकटवायची बुद्धी कुणाला होत नाही. जे काही मोजकं येतं ते जाणकारांचं असतं. दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या बाबतीत तर ठिकाणाचा उपयोग शून्य, कारण अभ्यासू मंडळी मुद्दाम ठिकाण लावत नाहीत. लावलं की दुसऱ्या रविवारी तिथे गर्दी आणि तुडवलेली झाडं. फोटोत ठिकाण नसेल तर कमेंटमध्ये विचारत बसू नका, आणि तुम्हाला सापडलं तर तुम्हीही लावू नका.

बाकी नेहमीच्या सहलीसाठी गुरुवारी रात्री ठिकाणाचं पान उघडा, त्या आठवड्यातल्या फोटोंखालच्या कमेंट वाचा, आणि मगच कासचं ऑनलाइन बुकिंग करा.