शहापूरचे जुने घर: स्वतः बांधायचे, बिल्डरला द्यायचे की विकून बाहेर पडायचे?

बेळगावातल्या शहापूर, वडगाव, अनगोळच्या गल्ल्यांतली जुनी कौलारू घरे तोंडाला अरुंद, पार मागच्या परड्यापर्यंत लांब, भिंती शेजाऱ्याशी सामायिक. छप्पर गळू लागले की घरात तीन मते पडतात. माझे मत आधीच सांगतो: तिथेच राहायचे असेल तर स्वतः बांधा.

जागा आणि शेजार तुमचाच राहतो. पैसे जमतील तसा आधी तळमजला, मग माडी करता येते. महापालिकेच्या नकाशात मोकळी जागा सोडावी लागते, अरुंद प्लॉटवर ते जड जाते. सामायिक भिंत उतरवण्याआधी शेजाऱ्याशी लेखी ठरवा, नाहीतर गवंडी पहिल्याच आठवड्यात बसून राहतो. वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत असेल आणि देशात कुठेही कुटुंबाचे पक्के घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधून स्वतःच्या जागेवर बांधायला मदत मिळू शकते.

बिल्डरला देणार असाल तर पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे हिशेब बाजूला ठेवा. तिथले पुनर्विकासाचे नियम महाराष्ट्राचे. इथे कर्नाटकात चालते ते जॉइंट डेव्हलपमेंट, म्हणजे जागा तुमची, बांधकाम बिल्डरचे आणि फ्लॅट वाटून घ्यायचे, आणि करारात लिहिले असेल तेवढेच पदरात पडते. एकट्या अरुंद घरावर पार्किंगच जागा खाते. दोन-तीन शेजारी एकत्र आले तरच हा मार्ग परवडतो. शिवाय जागा 500 चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट 8 पर्यंत असतील तर रेराची, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी सक्तीची नाही. गल्लीतल्या बहुतेक इमारती यातच बसतात. म्हणून कोणता मजला, किती चटई क्षेत्र, बांधकाम संपेपर्यंतचे भाडे आणि उशीर झाल्यास भरपाई, सगळे नोंदणीकृत करारात हवे. तोंडी शब्दावर घर सोडू नका, मग बिल्डर कितीही ओळखीचा असो.

विकून कंग्राळी, हिंडलगा, मच्छे, पिरनवाडीकडे जाणाऱ्यांना मोकळी हवा आणि गाडीला जागा मिळते. म्हाताऱ्या आईवडिलांना मात्र बाजार, देऊळ, दवाखाना लांब पडतो, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. प्लॉट घेताना बिगरशेतीचा आदेश आणि लेआउटची मंजुरी पाहा. नुसत्या पहाणीवरचे, म्हणजे शेतजमिनीच्या उताऱ्यावरचे, गुंठे स्वस्त असतात ते उगीच नाही. बी-खाता, म्हणजे मंजुरी नसलेल्या जागेची कर भरण्यापुरती नोंद, मिळाला म्हणून लेआउट कायदेशीर होत नाही. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो. 45 लाखांपर्यंतच्या आणि 90 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घराला 1 टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटवर तो नाही.

काहीही ठरवा, आधी वारसा नोंद करून घ्या. उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असेल तर कर्ज, परवानगी, विक्री सगळेच अडते. वडिलोपार्जित घरात बहिणींचाही समान हिस्सा असतो. त्यांना पहिल्या बैठकीलाच बोलवा. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे जुनी खरेदीपत्रे अनेकदा मराठीत, कधी मोडीत सापडतात, तर आजचा उतारा कन्नडमध्ये. दोन्ही वाचणाऱ्या माणसाकडून नावे, क्षेत्र आणि चतुःसीमा ताडून घ्या.