‘बक प्रायव्हेट्स’ (1941): कवायतीच्या एका प्रसंगासाठी पाहावा असा चित्रपट

युनिव्हर्सल स्टुडिओने जानेवारी 1941 मध्ये प्रदर्शित केलेला ‘बक प्रायव्हेट्स’ हा संगीतमय विनोदी चित्रपट सुमारे अडीच लाख डॉलरांत तयार झाला. त्या काळच्या भव्य संगीतपटांच्या मानाने ही रक्कम फारच किरकोळ होती. फुटपाथवर टाय विकणारे दोन फेरीवाले पोलिसाला चुकवण्यासाठी चित्रपटगृह समजून सैन्यभरतीच्या कार्यालयात शिरतात आणि छावणीत दाखल होतात, एवढेच कथेचे बीज आहे. श्रीमंत रँडॉल्फ आणि त्याच्याच पदरी नोकरीस असलेला बॉब यांची एकाच तरुणीवरून होणारी चढाओढ मात्र ओढूनताणून आणल्यासारखी वाटते.

चित्रपट तरतो तो या दोन फेरीवाल्यांची कामे करणाऱ्या बड अ‍ॅबट आणि लू कॉस्टेलो या विनोदी जोडीमुळे. बर्लेस्कच्या, म्हणजे थट्टामस्करी आणि नाचगाण्यांच्या अमेरिकी खेळांच्या, रंगमंचावर वर्षानुवर्षे घासूनपुसून तयार झालेल्या त्यांच्या संवादांची घडण तमाशातील बतावणीची आठवण करून देते: एकाने ठासून बोलायचे आणि दुसऱ्याने त्याचा भलताच अर्थ लावायचा. फाशांच्या डावात आपल्याला खेळच ठाऊक नसल्याचे सोंग घेणाऱ्या कॉस्टेलोच्या तोंडून मुरलेल्या जुगाऱ्याचे शब्द निसटतात, तेव्हा अ‍ॅबटच्या चेहऱ्यावर दाटत जाणारा संशय पाहण्यासारखा आहे. कवायतीचा प्रसंग तर या चित्रपटाचा कळस आहे. बंदूक सावरता सावरता भलतीकडे वळणारा कॉस्टेलो हशा मिळवतो हे खरे, परंतु न थांबता कडक आवाजात हुकूम सोडणाऱ्या अ‍ॅबटने लय इतकी पक्की धरली नसती, तर त्या गोंधळाला आकारच आला नसता. अ‍ॅबटला याचे श्रेय फार कमी दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लॅव्हर्न, मॅक्सीन आणि पॅटी या अँड्र्यूज भगिनींचे ‘बूगी वूगी बगल बॉय’ हे गाणे कथेला पुढे नेत नाही, तरीही त्यांच्या तीन आवाजांची घट्ट वीण आणि गाण्याचा वेग यांमुळे ते उपरे वाटत नाही. या गाण्याला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते.

अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती 1940 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाली होती, परंतु अमेरिकेला दुसऱ्या महायुद्धात ओढणाऱ्या पर्ल हार्बरवरील हल्ल्याला अजून अवकाश होता. म्हणूनच येथील छावणीत गाणी, नाच आणि थट्टामस्करी आहे, मृत्यूची सावली नाही. दिग्दर्शक आर्थर लुबिन यांनी सुमारे 84 मिनिटांत सारे आटोपले आहे, आणि प्रेमकथेची दृश्ये थोडी सोसली तर त्यातील बराच वेळ निखळ हसण्यात जातो.