महिन्याला १२ नाईट: सहा-सहा सलग की तीन-तीन तोडून?

खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत रात्री ८ ते सकाळी ८ अशी ड्युटी असेल आणि महिन्याला साधारण १२ नाईट वाट्याला येत असतील, तर रोस्टर लावण्याआधी इनचार्ज सिस्टर विचारतातच: नाईट सलग देऊ की तोडून? सलग म्हणजे सहा-सहाचे दोन गठ्ठे आणि प्रत्येकामागे जोडून दोन ऑफ. तोडून म्हणजे तीन-तीनचे चार तुकडे आणि प्रत्येकामागे एक ऑफ. नाईट तेवढ्याच, ऑफही तेवढेच. प्रश्न आहे तो दिवसाच्या झोपेचा.

सहा-सहाची बाजू आधी सांगते, कारण ती कमजोर नाही. नोकरी छत्रपती संभाजीनगरला आणि गाव किनवट, देगलूर किंवा उमरग्याकडे असेल, तर एका ऑफमध्ये घरी जाऊन येणं जमतच नाही. दोन ऑफ जोडून मिळाले तर आईच्या हातचं खाऊन परतता येतं. पेशंटही हाताखालचे होतात. कुस बदलली की कोणाचं बीपी उतरतं, कोणाची ट्यूब सारखी ब्लॉक होते, हे तिसऱ्या रात्री कुणी ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी सोपवताना, सांगावं लागत नाही. फक्त नाईट उतरून थेट प्रवासाला निघू नका, स्कूटीवर तर मुळीच नको. रूमवर तीन तास झोपा आणि दुपारची एसटी धरा.

‘चार नाईट झाल्या की अंगाला सवय होते’ असं वॉर्डात सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. शरीराचं घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकतं, आणि सकाळी ८ ला बाहेर पडल्यावर डोळ्यांवर येणारं ऊन ते पुन्हा मागे ओढतं. काळा गॉगल लावून रूम गाठली तर थोडा उपयोग होतो. पण सहा रात्रींत घड्याळ कुठे अर्ध्यावर येतं, तोवर गठ्ठा संपतो आणि पुढची मॉर्निंग लागते.

चौथ्या-पाचव्या रात्री पहाटे ३ ते ५ या वेळात काय चुकतं, ते ठरलेलं आहे. इन्सुलिनचंच घ्या. ४० आययूच्या, म्हणजे मिलीला ४० युनिट असलेल्या व्हायलला (औषधाच्या बाटलीला) लाल टोपीची सिरिंज, १०० आययूला नारिंगी. ४० च्या व्हायलमधून नारिंगी टोपीच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत ओढलं तर पेशंटला जातात ४ युनिट. उलटं झालं, म्हणजे १०० ची व्हायल आणि लाल टोपी, तर १० च्या जागी २५ जातात. हे पाठ असूनही झोपेच्या गुंगीत हात ट्रेमधली समोरची सिरिंज उचलतो. म्हणून तिसऱ्या नाईटनंतर इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराईड, हेपॅरिन आणि रक्ताची बॅग दुसऱ्या सिस्टरला दाखवल्याशिवाय देऊ नये. तीन-तीनमध्येही दाखवावंच, पण तिथे दुसरी सिस्टर बऱ्यापैकी जागी असते.

दुसरी अडचण पंपाची, म्हणजे सिरिंजमधलं औषध ठरल्या वेगाने सोडणाऱ्या यंत्राची. ५० मिलीची नॉरअॅडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज रात्री ८ ला ताशी ५ मिलीने लावली तर ती बरोबर सकाळी ६ ला संपते, आणि ६ ला सॅम्पल, स्पंजिंग, ड्रेन रिकामे करणं सगळं एकदम अंगावर येतं. पुढची सिरिंज ४ लाच भरून, औषध, डोस आणि वेळ लिहून पंपाशेजारी ठेवावी. आणि २, ३ आणि ४ चे व्हायटल्स (बीपी, नाडी वगैरे) एकदम चार्टवर उतरवावेसे वाटायला लागले, की थकवा मर्यादेपलीकडे गेलाय असं समजावं.

इथवर दोन्ही पारडी फार वरखाली नाहीत. काटेकोर सिस्टर सहा रात्रीही नीट काढते. माझ्यापुरता निकाल लावला तो नळाने.

संभाजीनगर असो की लातूर, अनेक भागांत नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्यातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा. गल्लीच्या ग्रुपवर मेसेज येतो, वेळ मात्र पुढे-मागे होते. सहा नाईट सलग असल्या की त्यात पाण्याचा दिवस बहुतेक सापडतोच. ९ ला आडवं व्हायचं, ११ ला मोटार, पाइप, ड्रम, घरमालकिणीची हाक. तासाभराने परत खोलीत यावं तर स्लॅब तापलेला. कूलरची लहान टाकी मे महिन्यात दुपारपर्यंत तळ गाठते, त्यात वीज गेली तर पंखाही नाही. मग डोळ्याला डोळा लागत नाही. दोन तासांच्या झोपेवर रात्री ८ ला हजर व्हायचं, आणि पुढे अजून तीन नाईट बाकी. ती तूट त्या गठ्ठ्यात भरून निघाल्याचं मला तरी कधी जाणवलं नाही. तीन नाईट मात्र दोन पाण्यांच्या मध्ये बसवता येतात. अंदाज चुकला तरी दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी ऑफ असतो.

तीन-तीन मागण्याआधी एक गोष्ट इनचार्जना स्पष्ट विचारा: नाईट उतरल्याचा दिवस वेगळा धरतात की तोच ऑफ? तोच ऑफ असेल तर तुम्हाला २४ तासच मिळतात आणि त्यातले निम्मे झोपेत जातात. अशा ठिकाणी ऑफनंतर मॉर्निंग घेऊ नका, इव्हिनिंग मागा. तेही मिळत नसेल तर सहा-सहाच घेतलेलं बरं, हे मी मोकळेपणाने सांगते.

पहिल्या नाईटच्या दुपारी २ ते ५ झोप काढावी. रात्री १ च्या आत भाकरी-वरण असं हलकं जेवावं, ३ नंतर चहा नको, नाहीतर सकाळची झोप उडते. तिसरी नाईट उतरल्यावर दुपारी १ ला उठून बसावं, म्हणजे रात्री १० ला आपसूक झोप लागते.

घरून येऊन-जाऊन करणाऱ्यांना, पैठण, गंगापूर, फुलंब्रीकडच्यांना, जोडून ऑफची तशी गरज नसते. त्यांनी तीन-तीनच घ्यावेत असं मला वाटतं. लांबच्यांनी मार्च ते जून तीन-तीन आणि पाऊस लागून स्लॅब थंड झाला की सहा-सहा असं करून पाहायला हरकत नाही. ड्युटी लिस्ट महिनाअखेरीस लागते, त्याआधी आठवडाभर सांगून ठेवा.