६० पिनांचा जिनी: आठ महिने वापरून

फेब्रुवारीपासून हे कार्ड माझ्या टीव्ही गेमच्या खाचेत बसलंय. मधे मुंबईचा अख्खा पावसाळा येऊन गेला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

कार्ड कशाचं, ते आधी सांगतो. ‘गेम जिनी’ नावाची चीट कॅसेट होती. ब्रिटनच्या कोडमास्टर्सने ती तयार केली आणि १९९०-९१ च्या सुमारास निन्टेंडोच्या एनईएस या टीव्ही गेमसाठी कॅनडात कॅमेरिकाने, अमेरिकेत गलूबने विकली. गेमची कॅसेट जिनीत खोचायची, जिनी मशीनमध्ये खोचायचा, कोड टाकायचा, की लाइफ संपतच नाहीत. आपल्या घरांत मात्र होते ते फॅमिकॉमचे, म्हणजे एनईएसच्या जपानी भावाचे क्लोन (नकला), ६० पिनांच्या कॅसेटवाले. अस्सल जिनी ७२ पिनांचा. मामेभावाने न्यू जर्सीहून आणलेला जिनी त्यामुळे माझ्या शोकेसमध्ये दोन वर्षं नुसता पडून होता. भांडुपला माझं छोटं दुकान आहे, दिवसभर एसी आणि वॉशिंग मशीनची कार्डं दुरुस्त करतो. म्हटलं, हेही कार्डच आहे की.

जशीच्या तशी नक्कल होत नाही, कारण जिनीच्या पोटातली चिप खास त्याच्यासाठी बनवलेली, बाजारात न मिळणारी. म्हणून काम तेच ठेवलं आणि चिप बदलली. काम ऐकायला सोपं आहे. मशीन कॅसेटच्या मेमरीतल्या अमुक पत्त्यावरचा बाइट, म्हणजे एक आकडा, मागतं. जिनी मधे बसून तो पत्ता ओळखतो आणि कॅसेटचा बाइट अडवून आपला पुढे करतो. कॅसेटवर काहीही लिहिलं जात नाही, वीज गेली की सगळं पूर्ववत. निन्टेंडो आणि गलूब यांच्यात खटला झाला होता, त्यात हाच मुद्दा होता. १९९२ मध्ये अपील कोर्टात निन्टेंडो हरली.

मारिओचं उदाहरण घ्या. न संपणाऱ्या लाइफचा कोड एसएक्सआयओपीओ. ही सहा अक्षरं उलगडली की पत्ता येतो ९१डी९ आणि नवा बाइट एडी (हे आकडे सोळाच्या पद्धतीतले, म्हणून त्यात अक्षरं). त्या पत्त्यावर मुळात सीई आहे, म्हणजे ‘लाइफमधून एक वजा कर’. एडी म्हणजे ‘लाइफ नुसती वाच’. एका बाइटने वजाबाकीचं वाचन झालं. हे पहिल्यांदा कागदावर सोडवलं त्या रात्री मी दुकान उशिरा बंद केलं.

एका कोडला पत्त्याचे १५ बिट, नव्या बाइटचे ८, मूळ बाइटशी तुलनेचे ८ आणि चालू-बंदचा १, असे निदान ३२ लागतात. जिनीसारखे तीन कोड हवेत तर ९६. स्वस्तात मिळणाऱ्या एक्ससी९५७२एक्सएल चिपमध्ये बिट ठेवायची घरं ७२च, म्हणून मोठा भाऊ ९५१४४ घ्यावा लागला. त्याला पाय १००, दोन पायांत अंतर अर्धा मिलिमीटर. लॅमिंग्टन रोडवर एका काउंटरवर मिळाली तीवरची छपाई चकाचक होती, पण जेटॅग (चिपमध्ये प्रोग्रॅम भरायची जोडणी) लावला तर ती आपली ओळखच सांगेना. भिंगाखाली धरली तेव्हा पायांवर जुन्या सोल्डरचे फुगवटे दिसले. परत गेलो तर म्हणे, “टेस्ट करूनच न्यायची ना, साहेब.” शंभर पायांची चिप काउंटरवर कशी टेस्ट करतात, ते त्यांनी सांगितलं नाही. दुसरीकडून दोन घेतल्या, दोन्ही चालल्या.

पडद्यावरचा मेनू मी केला नाही. अस्सल जिनी सुरुवातीला स्वतःचा स्क्रीन दाखवतो, माझ्या कार्डावर चार बटनं आणि एक छोटा ओएलईडी पडदा आहे. मजा थोडी कमी झाली, हे मान्य. पण खेळ चालू असताना कोड बंद करणारा एक स्विच लावलाय आणि तो मेनूपेक्षा जास्त उपयोगी पडला.

आता खरं दुखणं. सर्किट पंधरा दिवसांत जमलं. प्रोसेसरचं एक सायकल साधारण ५६० नॅनोसेकंदांचं, चिपला लागतात १० च्या आसपास, म्हणजे वेळेची चणचण नाहीच. एकच चूक झाली. डेटाच्या आठ लाइन चिपमधून एकाच दिशेने सोडल्या होत्या. मारिओ आणि सर्कस छान चालले, काँट्रा मात्र पहिल्याच स्क्रीनला अडकला. काँट्रा बँक (कॅसेटच्या मेमरीचा तुकडा) बदलायला कॅसेटकडे बाइट पाठवतो, तो माझ्या दारातच अडत होता. प्रोग्रॅम बदलून ते निस्तरलं. (काँट्राला चीट कॅसेट हवी कशाला, वर-वर-खाली-खाली ही बटनांची चीट सगळ्यांना पाठ आहे, असं बायको म्हणाली. बरोबर आहे.)

खरा वेळ खाल्ला तो बोर्डाच्या कडेने. पहिलं ड्रॉइंग अस्सल जिनीवरून मापं घेऊन काढलं. एनईएसच्या पट्ट्या २.५० मिलिमीटरवर असतात, फॅमिकॉमच्या २.५४ वर. फरक नखाएवढाही नाही, पण एका बाजूच्या ३० पट्ट्यांत तो साठत जाऊन एक मिलिमीटरच्या वर जातो. नशिबाने बोर्ड करायला टाकण्याआधी कागदावर प्रिंट काढून खाचेला लावून पाहिलं.

जाडीचं मात्र लक्षात आलं नाही. बोर्ड करून देणारे काही सांगितलं नाही तर १.६ मिलिमीटरचा करतात आणि कथलाचा मुलामा देतात. मी काहीच सांगितलं नाही. कॅसेटचा बोर्ड असतो १.२ च्या आसपास. जाड बोर्ड खाचेत कचकन बसला, मला वाटलं वा, काय घट्ट बसलाय! दोन महिन्यांनी तो काढून जुनी कॅसेट थेट लावली तर पडदा करडा. खाचेतल्या पिना फाकल्या होत्या. अस्सल जिनीबद्दलही लोकांची जुनी तक्रार हीच, जाड कडेमुळे मशीनच्या पिना सैल होतात. ऐकून माहीत होतं, तरी स्वतःच्या मशीनवर करून बघितलं! चोरबाजारातून एक मेलेला क्लोन उचलला आणि त्याची खाच काढून बसवली. साठ पिना डीसोल्डर करताना एक ट्रॅक उखडला, तिथे जंपर टाकलाय.

दुसरा बोर्ड १.२ जाडीचा, सोन्याचा मुलामा, कडेला उतार. पाच नगांच्या खाली करत नाहीत. चिपा, बोर्ड, कुरिअर, सटरफटर धरून साडेचार हजार गेले, त्यात ती मुकी चिप धरलेली नाही. हाच बोर्ड मेच्या शेवटी बसवला. मुद्दाम कथलाचा जुना बोर्ड शेजारी उघडा ठेवला होता. ऑगस्टपर्यंत त्याच्या पट्ट्या काळवंडल्या, खोडरबर घासल्याशिवाय गेम उठेना. सोन्याचा एकदा आयपीएने (साफसफाईच्या अल्कोहोलने) पुसला, बस. लहानपणी आपण कॅसेटवर फुंकर मारायचो, म्हणजे पावसाळ्यात वरून आणखी ओल घालायचो.

‘९९९९९ इन १’वाल्यांना, म्हणजे एकाच कॅसेटमध्ये ढीगभर गेम असलेल्यांना, एक इशारा. सहा अक्षरी कोड पत्ता जुळला की बाइट बदलतो, तो कुठल्या बँकेतला ते बघत नाही. माझ्या एका कॅसेटचा मेनू त्यामुळे कोलमडायचा. आठ अक्षरी कोड आधी मूळ बाइट तपासतो. मारिओचा तसा कोड मी बनवला: एसएक्सएसओपीओव्हीके. पत्ता तोच, बाइट तोच, फक्त मुळात सीई असेल तरच बदल. मेनू आता सुखरूप उघडतो. तयार कोड मिळत नसेल तर आधी स्विच बंद ठेवा आणि गेम सुरू झाल्यावर चालू करा.

दिवाळीत भाची आली होती. जिनीची अक्षरं सोळाच, पण तिच्या नावाची सगळी त्यात निघाली: एस, ए, एन, आय, के, ए. “मामा, सानिका टाकते.” टाकलं, तर कार्ड पुढच्या अक्षरांची वाट बघत बसलं. तिसरं अक्षर एन असलं की कोड आठ अक्षरी धरला जातो. तिने शेवटी दोन ए जोडले. काहीच झालं नाही. तुझं नाव डी८७४ या पत्त्यावर राहतं, पण तिथला बाइट जुळायची शक्यता २५६ मध्ये एक, असं सांगितल्यावर ती बाकीच्या कॅसेट एकेक लावून बघत बसली. जेवायला हाक मारली तेव्हा अकरावी चालू होती.

तक्रार एकच उरली आहे. क्लोनची खाच वर तोंड करून, तीवर कार्ड, त्यावर कॅसेट, असा मनोरा होतो. कंट्रोलरची वायर ओढली गेली की हलतो आणि गेम अडकतो. आधाराला मागच्या बाजूने एसी सर्व्हिसची दोन व्हिजिटिंग कार्डं दुमडून खोचली आहेत.