सोयाबीनला रायझोबियम लावलं, पूर्ण हंगाम गेल्यानंतरचा अनुभव

रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारं जिवाणू खत. आधी हे सांगतो की ज्या रानात मी हे वापरलं, तिथं सोयाबीन पूर्वी कधीच घेतलेलं नव्हतं. निकालाचं बरंचसं गणित त्यातच आहे. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा ब्रॅडीरायझोबियम जपोनिकम हा जिवाणू अशा नव्या जमिनीत बहुधा नसतोच. हरभऱ्याचा जिवाणू सोयाबीनला चालत नाही, त्यामुळे पाकिटावर पिकाचं नाव आणि वापराची अंतिम तारीख बघितल्याशिवाय घेऊ नका.

प्रमाण नेहमीचंच, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम भुकटी. चिकटण्यासाठी साखरेचं घट्टसर पाणी वापरलं. सोयाबीनची साल फार पातळ असते. पाणी थोडं जास्त झालं किंवा हात जोरात चोळला की ती सुरकुतते, मग सुटते आणि उगवणीला फटका बसतो. म्हणून हलक्या हाताने, बियाणं नुसतं ओलसर होईल इतकंच. बुरशीनाशक आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी. सावलीत सुकवायचं आणि त्याच दिवशी पेरायचं. उन्हात जिवाणू मरतात. पेरताना रासायनिक खतात मिसळलेल्या बियाण्यावरही ते टिकत नाहीत.

पहिले काही आठवडे वरून काहीच फरक दिसला नाही. मधे पानं थोडी फिकी पडली. अशा वेळी युरिया टाकायचा मोह होतो, पण तो आवरलेलाच बरा. आयतं नत्र मिळालं की झाड गाठी करायचं टाळतं.

साधारण चार आठवड्यांनी रोप खोदून काढलं. उपटायचं नाही, गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीत मुळं खळबळून धुतली तर सोटमुळाच्या वरच्या भागात गाठींचा झुबका. एक गाठ नखाने फोडली, आत गडद गुलाबी. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच भाऊबंद. हवेतलं नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) प्राणवायूने निकामी होतं. त्यामुळे गाठीत मोकळा प्राणवायू अगदी कमी ठेवायचा आणि जिवाणूंना श्वसनापुरता पोहोचवायचा, हे काम लेगहिमोग्लोबिन करतं. पांढरी गाठ असेल तर ती अजून कोवळी किंवा निकामी, हिरवट असेल तर म्हातारी. पानांकडे बघून अंदाज बांधत बसण्यापेक्षा ही एक गाठ फोडणं कितीतरी खात्रीचं. डच शास्त्रज्ञ बेयरिंकने गाठीतून हे जिवाणू वेगळे केले ते १८८८ साली, आणि आजही कितीतरी जण गाठ न फोडताच ‘फरक पडला नाही’ म्हणतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बिनाप्रक्रियेचा, म्हणजे जिवाणू न लावलेल्या बियाण्याचा, एक पट्टा मुद्दाम सोडला होता. तिथल्या मुळांवर गाठी जवळपास नव्हत्याच. फुलोऱ्यात तो पट्टा लांबूनही पिवळसर ओळखू यायचा आणि शेंगाही कमी लागल्या.

मक्याला ॲझोटोबॅक्टर हे दुसरं नत्राचं जिवाणू खत लावलं, तिथं मात्र डोळ्यांना दिसेल असं काही मिळालं नाही. तो जिवाणू मुळांमध्ये घर करत नाही, मातीत मोकळा राहतो आणि सेंद्रिय कर्बावर जगतो, म्हणून त्याच्या भरवशावर मक्याचं नत्र मी कमी करणार नाही. सोयाबीनचं तसं नाही. गाठी चांगल्या असल्या तर गरजेचं साधारण निम्मं किंवा त्याहून थोडं जास्त नत्र ते हवेतून घेतं.

पाणी साचलेल्या कोपऱ्यात प्रक्रिया करूनही गाठी बारीक राहिल्या, तिथं आधी चर काढणार आहे. आणि पुढच्या वेळी याच रानात पुन्हा एक पट्टा बिनाप्रक्रियेचा ठेवणार, मातीत उरलेले जिवाणू किती काम करतात ते बघायला.