काखमांजरी, ‘लेझर पॅकेज’ आणि बिलावरची ओळ

डिस्चार्ज कार्ड आणि बिल शेजारी-शेजारी ठेवून वाचायची सवय फार थोड्यांना असते. काखमांजरीसाठी विकल्या जाणाऱ्या ‘लेझर पॅकेज’ची फसवणूक नेमकी त्यावरच पोसली जाते. बिलावर असतं: ‘लेझर सायनस एक्सिजन, दोन्ही काखा व उजवी जांघ’. त्याच पेशंटच्या डिस्चार्ज कार्डावर मधल्या पानावर डॉक्टरी अक्षरात खरडलेलं असतं: ‘मल्टिपल अ‍ॅब्सेस, आय अँड डी डन’. आय अँड डी म्हणजे चीर देऊन पू काढणं. सायनस म्हणजे इथे त्वचेखालचा बोगदा, आणि एक्सिजन म्हणजे रोगट भाग कापून बाहेर काढणं. पैसे कापण्याचे गेले, काम चिरण्याचं झालं. महिना-दीड महिन्यात त्याच जागी पुन्हा ओल येते, तेव्हा कुठे घरात फाइल उघडली जाते.

आजाराचं नाव हायड्रॅडिनायटिस सप्युरेटिव्हा, थोडक्यात एचएस. घरात त्याला काखमांजरी, केस्तूड, बेंड, ‘उष्णतेचं गळू’ असं काहीही म्हणतात. काखा, जांघा, स्तनांखालची घडी, नितंब आणि गुदद्वाराभोवती वारंवार गळवं येतात, फुटतात, सुकतात, पुन्हा येतात. जुन्या पुस्तकांनी दोष घामाच्या ग्रंथींवर टाकला होता आणि नावही त्यावरूनच पडलं. आता माहीत आहे की सुरुवात केसाच्या मुळाशी होते. तिथली नळी तुंबते, आतल्या आत फुटते आणि दाह सुरू होतो. हा अस्वच्छतेचा आजार नाही, संसर्गजन्य नाही आणि आंबे खाल्ल्यानेही होत नाही. पण जागा अशी की दाखवायची लाज वाटते. अचूक निदान व्हायला सरासरी सात वर्षं लागतात असं पाहण्यांत दिसलं आहे. सात वर्षं लपवून कंटाळलेला माणूस ‘एकदाच, कायमचं, त्याच दिवशी घरी’ हे शब्द ऐकून बळी पडतो.

चीर देऊन काम का भागत नाही, हे समजलं की अर्धी फसवणूक उघडी पडते. वारंवार फुटलेल्या गळवांमधून त्वचेखाली बोगदे तयार होतात. या बोगद्यांना आतून त्वचेसारखंच अस्तर येतं, आणि ते अस्तर मळ आणि दाहाचा चिकट द्रव तयार करत राहतं. वरून चीर दिली की पू निघतो, ठणका थांबतो, पेशंटला त्या रात्री झोप लागते. अस्तर मात्र जागेवरच असतं. म्हणून या आजारात नुसत्या चिरेनंतर गळू परत येणं जवळजवळ ठरलेलं. असह्य वेदनेत, तात्पुरता उपाय म्हणून चीर देणं योग्यच आहे. तीच चीर ‘कायमचा इलाज’ म्हणून विकणं ही लबाडी.

खरं डीरूफिंग, म्हणजे बोगद्याचं छप्पर काढणं, कसं होतं ते पाहा. आधी लिग्नोकेन आणि अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. मग बोथट सळई, प्रोब, तोंडातून आत घालून बोगदा कुठवर जातो आणि त्याला फांद्या किती हे चाचपतात. सळई जिथवर जाते तिथवरचं वरचं छप्पर कात्रीने किंवा कॉटरीने (विजेच्या तापत्या टोकाने) पूर्ण काढतात. आत लालसर, जेलीसारखा थर दिसतो, तो क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या चमच्याने, खरवडतात. मग कडांना पुन्हा सळई लावून उरलेली फांदी शोधतात. ही दुसरी चाचपणी घाईत वगळली की तिथूनच रोग परत उलटतो. तळ ठेवतात, कारण जखम तिथूनही भरून येते. टाके घालत नाहीत. व्हॅसलिन आणि न चिकटणारी पट्टी, रोज साध्या पाण्याने धुणं, आणि लहान जखम साधारण दोन ते पाच आठवड्यांत भरते. यासाठी बहुधा अ‍ॅडमिटही व्हावं लागत नाही.

‘चारही जागा एकाच बैठकीत, नुसती जागा बधिर करून’ असं कोणी म्हणालं तर गणित करा. अ‍ॅड्रेनॅलिनसह लिग्नोकेनची नेहमीची कमाल मात्रा किलोमागे 7 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 420 मिलिग्रॅम, म्हणजे 1 टक्क्याच्या औषधाचे 42 मिलिलिटर. दोन काखा आणि दोन जांघांतले पसरलेले बोगदे नीट उघडायला साध्या टोचणीने एवढ्यात भागणं अवघड. मग एकतर पूर्ण भूल लागते, नाहीतर काम अर्धवट होतं.

कोणाला काय लागतं हे ठरवायला हर्लीच्या 1989 पासूनच्या तीन पायऱ्या अजूनही वापरतात. पहिलीत गळवं असतात, पण बोगदे आणि व्रण नसतात. दुसरीत बोगदे असतात, पण सुटे-सुटे. तिसरीत सगळी जागा एकमेकांत गुंतलेल्या बोगद्यांनी व्यापलेली. छप्पर काढणं मुख्यतः दुसरीत, रुंद कापणी तिसरीत. पहिलीच्या पेशंटला मोठी शस्त्रक्रिया विकली जाते तेव्हा कापायला आत बोगदाच नसतो. कागदावर पायरी लिहिलेली नसेल तर शस्त्रक्रिया कशाच्या आधारावर ठरली, हे तिथेच विचारावं.

आता ‘लेझर’. या एका शब्दाखाली तीन वेगळी कामं खपवली जातात. एनडी-याग लेझरने केस काढणं हा सौम्य आजारात उपयोगी उपचार आहे, पण तो महिन्या-महिन्याच्या अंतराने अनेकदा करायचा असतो आणि त्यासाठी खाट लागत नाही. कार्बन डायऑक्साइड लेझरने रोगट भाग जाळून काढणं ही खरी शस्त्रक्रिया आहे. तिच्यानंतर उघडी जखम राहते आणि ती आठवडेच्या आठवडे भरत राहते. जाहिरातीतलं ‘बिनटाक्याचं, बिनजखमेचं’ लेझर बहुतेक वेळा तिसरंच: भगंदर आणि पायलोनायडल सायनस (माकडहाडाजवळचा बोगदा) यांसाठीचा डायोड लेझरचा तंतू. तो बोगद्यात सारून आतून गरम करतात. सरळ, एकमार्गी भगंदरात त्याला काही अर्थ आहे. एचएसचे बोगदे वडाच्या मुळांसारखे फुटलेले असतात. तंतू एका फांदीत फिरतो, बाकीच्या तशाच राहतात, आणि वरचं तोंड मात्र बंद होतं. आत पू कोंडला की ठणका आधीपेक्षा जास्त.

मोठ्या कापणीनंतर काख ओढून-ताणून शिवून टाकणं हाही एक प्रकार. शिवलेली काख फोटोत छान दिसते आणि डिस्चार्ज लवकर मिळतो. पण शिवता यावी म्हणून कड कमी कापली जाते, आणि रोग कडेलाच राहतो. ताण जास्त असेल तर आठवड्याभरात टाके उसवतात. प्रामाणिक सर्जन आधीच सांगतो की काख उघडी ठेवली तर भरायला दीड-दोन महिने किंवा जास्तही लागतील, नाहीतर मांडीची कातडी लावावी लागेल किंवा शेजारची त्वचा फिरवून आणावी लागेल. आणि खांद्याचे व्यायाम लवकर सुरू केले नाहीत तर हात वर जाणार नाही. एवढं सगळं ऐकवणारा डॉक्टर गिऱ्हाइकाला आवडत नाही, हा त्यातला दैवदुर्विलास.

‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणाऱ्याला एकच आकडा विचारा. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित आढाव्यात रोग परत उलटण्याचं प्रमाण रुंद कापणीनंतर सुमारे 13 टक्के, मर्यादित कापणीनंतर 22 आणि छप्पर काढल्यानंतर 27 टक्के होतं. शिवाय शस्त्रक्रियेने कापलेली जागा बरी होते, आजार नाही. शेजारी नवं गळू येऊ शकतं. विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं आणि तो ते दोन्ही बाजूंनी वापरतो: आधी ‘कायमचं बरं’, नंतर ‘हे जुनं नाही, नवीन जागा आहे, नवं पॅकेज लागेल’. यावर उपाय स्वस्त आहे. शस्त्रक्रियेआधी मार्करने आखलेल्या जागांचा, शेजारी मोजपट्टी ठेवलेला फोटो स्वतःच्या फोनवर घेऊन ठेवावा. गळू व्रणाच्या आत आलं की बाहेर, हा वाद मग तोंडी राहत नाही.

विक्रीची पद्धत ठरलेली. फोनवर ‘केअर कोऑर्डिनेटर’ पहिल्यांदा दुखणं नव्हे, पॉलिसी विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोवरून ‘सर्जरी लागेल’ असं कळवलं जातं. आकडा ठरतो खोलीच्या दर्जावर आणि विम्याच्या रकमेवर, रोगाच्या मापावर नाही. ऑपरेशन करणारा सर्जन टेबलावरच भेटतो, नंतरच्या ड्रेसिंगला तो नसतो, आणि ड्रेसिंग पॅकेजमध्येही नसतं. विमा नसेल तर ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे येतो. काउंटरवर फोन मागून ओटीपी टाकला की फायनान्स कंपनीचं कर्ज तुमच्या नावावर चढलं. उद्या शस्त्रक्रिया रद्द केली तरी हप्ता थांबवायला तुम्हालाच भांडावं लागतं.

विम्याची मेख सगळ्यात वाईट. कोऑर्डिनेटर शिकवतो: ‘सर, पंधरा दिवसांपासूनच दुखतंय असं सांगा’. केस पेपरवर तसंच लिहिलं जातं. पुढे विमा कंपनीला पाच वर्षांपूर्वीची अँटिबायोटिकची चिठ्ठी सापडते आणि माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला जातो. सही पेशंटची असते, शिकवणाऱ्याची नाही. खरं तर 2024 च्या नियमांनुसार पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराच्या क्लेमसाठी प्रतीक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं. पॉलिसी घेताना आजार सांगितला असेल आणि तीन वर्षं झाली असतील तर खोटं बोलायची गरजच नसते. निदानाच्या रकान्यात ‘पायलोनायडल सायनस’ किंवा ‘भगंदर’ लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी दुरुस्त करून घ्या.

औषधांबाबतची लबाडी कमी बोलली जाते. ‘औषधं फेल गेली, आता सर्जरीच’ असं सांगताना औषध पुरेसं दिलं होतं का ते पाहा. क्लिंडामायसिन आणि रिफॅम्पिसिन प्रत्येकी 300 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, दहा-बारा आठवडे, ही नेहमीची रीत. सात दिवसांच्या कोर्सला ‘फेल’ म्हणत नाहीत. (रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नये, गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम मात्र कमी होतो, हे सांगायला हवं.) अडॅलिमुमॅब हे दाह आवरणारं बायोलॉजिक (जैविक) इंजेक्शन या आजारात पहिल्या दिवशी 160, पंधराव्या दिवशी 80 आणि एकोणतिसाव्या दिवसापासून आठवड्याला 40 मिलिग्रॅम असं देतात. संधिवाताच्या हिशेबाने पंधरा दिवसांतून एकदा 40 देऊन ‘बायोलॉजिकही चाललं नाही’ असा शेरा मारलेल्या फाइली असतात. अडॅलिमुमॅब सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी व्हायलाच हवी. सरकारी आणि पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयांत, म्हणजे मुंबईत केईएम, सायन, नायर, पुण्यात ससून, गोव्यात बांबोळी इथे, त्वचारोग आणि सर्जरी विभाग एकाच आवारात असतात. दुसरं मत घ्यायला केसपेपरचे पैसे आणि एक सकाळ लागते.

कापलेला तुकडा पॅथॉलॉजीला गेला का, हेही विचारा. नितंब आणि गुदद्वाराभोवती वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेत क्वचित कॅन्सर होतो, म्हणून तिथला नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालून तपासायलाच हवा. बिलात ‘एक्सिजन’ आहे आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट नाही, याचा अर्थ एकतर कापलं नाही किंवा कापलेलं फेकलं.

फसलात तर आधी कागद गोळा करा, भांडण नंतर. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार मागितल्यापासून 72 तासांत रेकॉर्ड द्यावं लागतं. अर्जात नावं घेऊन मागा: ऑपरेशन नोट, भुलीचा तक्ता, संमतिपत्र, वापरलेल्या साहित्याची यादी. भुलीच्या तक्त्यावर सुरुवातीची आणि शेवटची वेळ असते. दोन काखा आणि एक जांघ वीस मिनिटांत उरकली असेल तर ती एक्सिजन नव्हती. संमतिपत्रावर एक आणि टेबलावर दुसरंच झालं असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा समीरा कोहली खटल्यातला निकाल वकिलाला दाखवा. एका प्रक्रियेची संमती दुसरीला चालत नाही असं त्यात स्पष्ट आहे. ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते, आणि उपचारासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही. क्लेम नाकारला असेल तर विमा लोकपालाकडे एका वर्षात, तेही मोफत. डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे.

रेकॉर्डचा अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि वेळ घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती फाइलला लावा.