ट्रेड मशीन : पगार जुळतात, संघ जुळतो का?

एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील खेळाडूंची अदलाबदल कागदावर तपासून पाहता येणारी ‘ट्रेड मशीन’ ही ऑनलाइन सेवा मी बराच काळ वापरत आहे. संघ निवडून खेळाडूंची नावे टाकली की तो व्यवहार लीगच्या पगारविषयक नियमांत बसतो की नाही, हे ती क्षणात सांगते आणि हे काम चोख करते.

सूर हरपलेल्या मोठ्या खेळाडूच्या मागे जावे का, या प्रश्नापुढे मात्र ती तोकडी पडते. 2021 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सने काइल कुझ्मा, केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप, माँट्रेझ हॅरेल आणि ड्राफ्टमधील (संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) पहिल्या फेरीची एक निवड देऊन रसेल वेस्टब्रुकला आणले, तेव्हा पगारांचा हिशेब नियमांत बसत होता. परंतु चेंडू बहुतेक वेळ स्वतःकडे ठेवणाऱ्या लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सशेजारी, वेस्टब्रुकसारखा लांबून नेम कच्चा असलेला खेळाडू उभा राहिला की प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडून बास्केटखाली गर्दी करतात, हे कोणत्याही बेरजेत दिसत नाही. त्या हंगामात लेकर्सने 33 सामने जिंकले, 49 गमावले आणि प्लेऑफही हुकले. मला अधिक खुपते ते कॉल्डवेल-पोपचे जाणे, कारण बचाव आणि तीन गुणांचे फटके दोन्ही सांभाळणारे खेळाडू सहजासहजी मिळत नाहीत.

पगाराच्या हिशेबासाठी या सेवेला मी पाचपैकी चार तारे देतो; खेळाडू निवडण्यासाठी दोनच.